साडेबारा फेऱ्या

तीन हजार मीटरची स्टीपलचेस धावणाऱ्याला कधी एकटं सोडत नाही. पुरुषांच्या शर्यतीत अठ्ठावीस वेळा ९१.४ सेंटिमीटर उंचीचा अडथळा समोर येतो, सात वेळा पाण्याचा खड्डा. दुरूनच पावलांचा अंदाज घ्यायचा, झेपावायचं, उतरताना मोडलेली लय पुन्हा जुळवायची. एक अडथळा मागे पडतो न पडतो तोच पुढचा दिसायला लागतो आणि मन त्यात गुंतून राहतं.

पाच हजार मीटरमध्ये ही सोबत नाही. अंतिम रेषेच्या तिरक्या समोरच्या कोपऱ्यात, वळणदार रेषेवरून सगळे सुटतात. अर्धी फेरी आणि मग पुऱ्या बारा. मधे काहीच येत नाही. पहिल्या चार फेऱ्या उत्साहात निघून जातात, शेवटच्या दोन ईर्ष्येवर. शर्यत हरली जाते ती सातव्या, आठव्या, नवव्या फेरीत. तिथे पाय भरून आलेले असतात, शेवटच्या फेरीची घंटा अजून लांब असते आणि पुढच्या धावपटूची पाठ कणाकणाने दूर सरकू लागते.

अविनाश साबळे हा मुळात अडथळ्यांचा माणूस. २०१८ मध्ये भुवनेश्वरला त्याने गोपाल सैनींचा ३७ वर्षांपूर्वीचा स्टीपलचेसचा राष्ट्रीय विक्रम मोडला आणि त्यानंतर स्वतःचाच विक्रम पुन्हा पुन्हा मोडत राहिला. टोकियो ऑलिंपिकच्या प्राथमिक फेरीत ८ मिनिटं १८.१२ सेकंद अशी वेळ देऊनही त्याला अंतिम फेरी गाठता आली नाही. पुढच्या वर्षी तो लांबच्या शर्यतीकडे वळला. सरावासाठी अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्जला गेला. हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे अठराशे मीटर उंचावर आहे. विरळ हवेत शरीराला प्राणवायूची चणचण जाणवते आणि ते हळूहळू तांबड्या पेशी वाढवून ती भरून काढतं. या कामाला आठवडे लागतात. घाई केली तर सराव बिघडतो, दुखापत होते.

लांबच्या शर्यतीची तयारी पाहणाऱ्याला कंटाळवाणी वाटेल. संथ गतीने तासन्‌तास पळायचं. मग एखाद्या दिवशी हजार हजार मीटरचे तुकडे ठरलेल्या वेळेत काढायचे आणि मधली विश्रांती घड्याळ लावून घ्यायची. प्रशिक्षकाने ६५ सेकंदांची फेरी सांगितली असेल तर ६२ सेकंदांत काढणं हीसुद्धा चूकच. अंगात जोर असताना तो राखून ठेवायचा, ही तरुण धावपटूसाठी सगळ्यात अवघड शिकवणी. वेग बऱ्याच जणांकडे असतो. हा धीर मात्र रोजच्या सरावातूनच अंगी मुरवावा लागतो.

६ मे २०२२ रोजी कॅलिफोर्नियातल्या सॅन हुआन कॅपिस्ट्रानो इथे अविनाश पाच हजार मीटर धावला. त्याचा क्रमांक बारावा आला. वेळ होती १३ मिनिटं २५.६५ सेकंद. बहादूर प्रसाद यांनी १९९२ मध्ये बर्मिंगहॅमला नोंदवलेला १३ मिनिटं २९.७० सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम त्या दिवशी इतिहासजमा झाला. हा विक्रम अविनाशपेक्षा वयाने मोठा होता, कारण अविनाशचा जन्म १९९४ चा. दोन्ही वेळांतला फरक फेऱ्यांवर वाटून पाहिला, तर एका फेरीमागे सेकंदाचा जेमतेम तिसरा हिस्सा हाती येतो. तेवढ्यासाठी भारताला तीस वर्षं लागली. बहादूर प्रसादांची धाव किती मोठी होती, हे यावरून कळावं.

अविनाशचं गाव मांडवा, बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातलं. आईवडील शेती करायचे, वीटभट्टीवर राबायचे. शाळा सहा किलोमीटर दूर, ते अंतर पायी किंवा पळत जायचं. त्याच्यावर लिहिताना बहुतेक जण इथेच थांबतात आणि दुष्काळानेच त्याला घडवलं असं म्हणून मोकळे होतात. हे मनाला पटत नाही. आष्टी, पाटोदा, माण, जत या तालुक्यांत तशी पायपीट करत शाळा शिकलेली हजारो मुलं आहेत, ती पुढे धावपटू झाली नाहीत. बारावीनंतर अविनाश सैन्यात भरती झाला, महार रेजिमेंटमध्ये. सियाचीन, राजस्थान, सिक्कीम असा फिरला. २०१५ मध्ये सैन्याच्या क्रॉसकंट्रीत उतरला आणि पुढे अमरीश कुमार या प्रशिक्षकांची नजर त्याच्यावर पडली. पोटभर जेवण, सरावाला मोकळा वेळ, पायात नीट बूट आणि हातात स्टॉपवॉच घेऊन उभं राहणारं कुणीतरी, हे सगळं मिळालं तेव्हा ती सहा किलोमीटरची वाट कामी आली.

याच महाराष्ट्रातली ललिता बाबर उलट्या दिशेने आली. माण तालुक्यातल्या मोहीची ही मुलगी आधी मॅरेथॉन पळायची, मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत ती पहिली यायची. तिथून ती स्टीपलचेसकडे वळली आणि २०१६ मध्ये रिओला ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत धावून दहावी आली. पी. टी. उषानंतर ३२ वर्षांनी एक भारतीय स्त्री ऑलिंपिकमध्ये ट्रॅकवरच्या अंतिम शर्यतीत दिसली. लांब पल्ल्याचा दमसास अडथळ्यांच्या शर्यतीत वाया जात नाही, हे ललिताने आधीच दाखवून दिलं होतं.

अविनाशच्या बाबतीतही ते दिसलं. ऑगस्ट २०२२, राष्ट्रकुल स्पर्धा, आणि शहर पुन्हा बर्मिंगहॅम. १९९८ ते २०१८ या सहा स्पर्धांमध्ये पुरुषांच्या स्टीपलचेसची अठराच्या अठरा पदकं केनियाने नेली होती. अविनाश ८ मिनिटं ११.२० सेकंदांत आला, केनियाचा अब्राहम किबिवोट ८ मिनिटं ११.१५ मध्ये. पाच शतांश सेकंदांनी सुवर्ण हुकलं, पण शेवटच्या शंभर मीटरमध्ये केनियाच्या माणसाला इतकं जवळ गाठण्याची ताकद त्या सपाट साडेबारा फेऱ्यांच्या तयारीतून आली असणार.

पुढच्या वर्षी हांगझोच्या आशियाई स्पर्धेत त्याने १ ऑक्टोबरला स्टीपलचेसचं सुवर्ण जिंकलं, आणि तीनच दिवसांनी पाच हजार मीटरचं रौप्य, १३ मिनिटं २१.०९ सेकंदांत. त्याच वर्षीच्या मे महिन्यात लॉस एंजेलिसला त्याने आपला राष्ट्रीय विक्रम १३ मिनिटं १९.३० वर आणला होता.

तीस वर्षं टिकलेल्या विक्रमानंतरचा हा विक्रम वर्षभर टिकला. जून २०२४ मध्ये पोर्टलंडला भारताच्याच गुलवीर सिंगने १३ मिनिटं १८.९२ सेकंदांत शर्यत पुरी केली, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये बोस्टनच्या इनडोअर ट्रॅकवर १२ मिनिटं ५९.७७ सेकंदांत. बहादूर प्रसादांच्या वेळेपेक्षा जवळपास अर्धा मिनिट कमी.