पांढरं शिफॉन

मावशीला ऐन विशीत वैधव्य आलं. १९४०च्या दशकात, नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या वाड्यात, त्याचा अर्थ ठरलेला होता. कोष्ट्यांच्या मागावरचं रेशीमकाठी नागपुरी लुगडं तिच्या अंगावर पुन्हा आलं नाही. मुंबईच्या मामांनी तिच्यासाठी पांढरं फ्रेंच शिफॉन आणलं, तेव्हा मात्र कुणाला नाही म्हणता आलं नाही. पांढरंच होतं ते.

त्या साडीसोबत आलेली गोष्ट मावशी मन लावून सांगे. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांची लेक इंदिराराजे. ग्वाल्हेरला ठरलेलं लग्न तिनं स्वतः पत्र लिहून मोडलं आणि १९१३ साली लंडनला कूचबिहारच्या जितेंद्र नारायणांशी विवाह केला. १९२२मध्ये ते गेले. मुलगा लहान, राज्यकारभार तिच्यावर आला. तिनं पांढरं वस्त्र स्वीकारलं, पण फ्रान्समधून साडीच्या पन्ह्याचं शिफॉन करवून घेतलं. बघता बघता राजघराण्यांतल्या बायका शिफॉन नेसू लागल्या.

त्याच काळात पॅरिसला फॅशनकार मादलेन व्हिओने बाईच्या देहाला कॉर्सेटच्या काचातून सोडवत होत्या. तिरपं कापलेलं क्रेप आणि शिफॉन त्या अंगावरून मोकळं वाहू देत. १९३५मध्ये तिथल्याच एल्सा स्कियापारेल्लींनी तर साडीवरूनच पोशाख बेतले. शिवणीपेक्षा कापडाच्या ओघावर विश्वास ठेवणारी ही दृष्टी मावशीच्या बोटांत उपजतच होती. एम्प्रेस मिलचा भोंगा झाला की ती उठे, अंघोळ करून निऱ्या घाली, खांद्यावरचा पदर एकदाच नीट करी आणि शाळेत शिकवायला निघे. गल्लीतल्या बायका दारात येऊन बघत. त्या नजरेत कीव नसायची.

रेशमी शिफॉन घडीवर चिरतं. म्हणून दर दिवाळीला ती साडी उलगडून नव्या जागी घडी घाली. पुढे परदेशी कापड येणं जवळपास थांबलं, दुसरी साडी मिळाली नाही. मावशी गेल्यावर आम्ही ती साडी उघडली, तेव्हा हातातच तिचे तुकडे झाले.

आज आमच्या घरात नवरा गेलेली बाई हवा तो रंग नेसते. मावशीच्या वाट्याला एकच आला, आणि त्यातही तिनं आपली ऐट सोडली नाही. मला तिचा अभिमान वाटतो. पण तिचा आवडता रंग कोणता होता, हे सांगणारं आता कुणीच उरलेलं नाही.