आम्ही दिल्ली पाहिली

यंदा दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दिल्लीला गेलो होतो. आई, आबा, आजी, धाकटी बहीण चिमी आणि मी असे पाचजण. आजी आजवर पुण्याच्या पुढे गेली नव्हती, पण दिल्लीचा हट्ट तिनेच धरला होता.

साताऱ्याहून आम्ही रात्री गोवा एक्स्प्रेसमध्ये बसलो. दोन रात्री गाडीतच गेल्या. इटारसी सोडल्यावर नर्मदा नदी लागली, तेव्हा आजीने खिडकीतून रुपया टाकला आणि हात जोडले. आग्रा मात्र झोपेतच निघून गेले. शिवाजी महाराज आग्र्याहून सुटले ते आपल्या पुस्तकात आहे, म्हणून मला निदान स्टेशन तरी बघायचे होते. आबांनी उठवलंच नाही. मी मथुरेपर्यंत त्यांच्याशी बोललो नाही.

पहिल्या दिवशी लाल किल्ला पाहिला. तो शहाजहान बादशहाने बांधला. काम १६४८ साली पुरे झाले. १५ ऑगस्टला पंतप्रधान झेंडा फडकवतात ती जागा आबांनी दाखवली. नंतर कुतुबमिनारला गेलो. तो सुमारे ७३ मीटर उंच आहे. आत ३७९ पायऱ्या आहेत, पण वर चढू देत नाहीत. मिनाराजवळ लोखंडाचा एक खांब आहे. तो सोळाशे वर्षांपूर्वीचा असूनही गंजलेला नाही. आपल्या शाळेपुढचा हापसा एका पावसाळ्यात गंजतो! त्या खांबाला हात लावून बघावा असं वाटत होतं, पण भोवती कुंपण आहे.

राष्ट्रीय संग्रहालयात मोहेंजोदडोची नाचणारी मुलगी आहे. ती मला मोठी वाटली होती. बघतो तर माझ्या वितीएवढीसुद्धा नाही. ती साडेदहा सेंटिमीटरच आहे. तिचा एक हात बांगड्यांनी भरलेला आहे. आजी म्हणाली, "बया, एवढ्या बांगड्या घालून पोर नाचती कशी?" बाजूचे लोक हसले.

तिसऱ्या दिवशी भाऊबीज होती. चिमीने मला धर्मशाळेतच ओवाळले. मग आम्ही इंडिया गेटला गेलो. ते ४२ मीटर उंच आहे, पण धुरकट हवेमुळे लांबून नीट दिसत नव्हते. त्याच्या जवळच राष्ट्रीय युद्ध स्मारक आहे. ते २०१९ साली खुले झाले. तिथे गोल गोल भिंती आहेत आणि देशासाठी मेलेल्या २५ हजारांहून जास्त जवानांची नावे दगडांवर सोनेरी अक्षरांत कोरलेली आहेत.

आजीचा थोरला भाऊ १९७१ च्या लढाईत गेला. तेव्हा आजी बारा वर्षांची होती. आमच्या गावातल्या फौजी काकांनी तिला सांगितले होते, की दिल्लीला तुझ्या दादाचे नाव आहे. तेव्हापासून आजीने दिल्ली दिल्ली लावली होती.

पण एवढ्या नावांत एक नाव कुठे शोधायचे? आजीच्या माहेरचे आडनाव तर आपल्याकडे घरोघरी आहे. आम्ही पुष्कळ फिरलो. ऊन लागले, चिमी रडायला लागली. आबा म्हणाले, "आई, आता बस थोडी." आजी बसेना. शेवटी तिथल्या एका जवानाला विचारले. तो म्हणाला, "नंबर क्या है?" आबांना नंबर माहीत नव्हता. तोच आजीने एका दमात सगळा नंबर सांगितला! तिला लिहितावाचता येत नाही. आबांनी विचारले, "आई, तुला कसा ठाऊक?" आजी म्हणाली, "पत्र पाठवताना मास्तर पत्ता लिहायचं. नंबर मीच सांगायची. त्येच्याबिगर पत्र पोचत न्हवतं."

तो नंबर मी इथे लिहीत नाही. तो आमच्या घरातला आहे.

त्या जवानाने आम्हाला भिंतीपाशी नेले. नाव इंग्रजीत होते. ते मी वाचून दाखवले. आजी म्हणाली, "परत वाच." मी परत वाचले. असे तीनदा वाचले. मग आजीने पदर सारखा केला, रिकाम्या हातांनीच त्या दगडाला ओवाळले आणि आपल्या कानशिलांवर बोटे मोडली. आई डोळे पुसत होती. जवान काही बोलला नाही, नुसता ताठ उभा राहिला.

मित्रांनो, ज्या बाईला भाऊ नसतो ती भाऊबीजेला चंद्राला ओवाळते. आमची आजी दरवर्षी अंगणात ताट घेऊन तसेच करते. त्या दिवशी सांजेला धर्मशाळेच्या गच्चीवर धुरकटात बारीक कोर दिसली. मी पळत खाली गेलो आणि म्हणालो, "आजी चल, चंद्र आलाय, पटकन मावळंल."

आजी म्हणाली, "यंदा नको रं."

मग आम्ही जेवायला बसलो.