आठ तासांचं बेट

क्रूझवाल्या माणसाला बेट कसं मिळतं, माहितीये? आठ तासांचं पॅकेट करून. सकाळी आठला केबिनच्या खिडकीत डोंगर उभा असतो, संध्याकाळी साडेपाचच्या आत कार्ड स्वाइप करून परत जहाजात. सहाला भोंगा. तुम्ही डेकवर सरबत पीत उभे आणि बेट मागे मागे जातंय. झालं बेट बघून!

खरं सांगायचं तर क्रूझ हा प्रकार मला आवडायचा नाही. पाठीवर सॅक टाकून, रात्रीची एसटी पकडून फिरणाऱ्यांतली मी. पण आईचे गुडघे आता दोन जिन्यांपलीकडे साथ देत नाहीत आणि तिला ‘एकदा समुद्रातून लांब’ जायचं होतं. दर दोन दिवसांनी बॅगा भरायची कटकट नाही, खोलीच आपल्याबरोबर फिरते. मग काय, मुंबई ते मॉरिशस विमान आणि तिथून जहाज. सेशेल्स, रियुनियन आणि परत मॉरिशस. एकाच हिंदी महासागरातली तीन बेटं. मला वाटलं, सगळीकडे तेच असणार. नारळ, वाळू आणि निळं पाणी.

मॉरिशसच्या विमानतळावरून पोर्ट लुईच्या बंदराकडे निघालो. टॅक्सीवाले काका साठीचे, आपसात क्रिओल बोलणारे. दोन्ही बाजूंना ऊसच ऊस. आरशातून बघत त्यांनी अचानक विचारलं, ‘‘तुमचा गाव कंचा?’’

आणि मी काय उत्तर दिलं? ‘‘वी आर फ्रॉम पुणे.’’

अक्षरशः हेच. दिवसभर कॉन्फरन्स कॉल, मेल, मीटिंग सगळं इंग्रजीत. परदेशात पाऊल पडलं की जीभ आपोआप गिअर बदलते. मागच्या सीटवरून आई म्हणाली, ‘‘चिपळूण हो, चिपळूण.’’ पुढचा तासभर मी टॅक्सीत नव्हतेच. ते दोघंच बोलत होते.

काकांचे पणजोबा मुंबई बंदरातून गिरमिटिया म्हणून इथे आले. 1834 ते 1920 या काळात भारतातून जवळजवळ पाच लाख मजूर या बंदरात उतरले. बरेचसे इथेच उसात राबले, काही पुढे दुसऱ्या बेटांवर पाठवले गेले. मराठी मंडळी त्यात थोडी, बहुतेक कोकणातली. पण गणेश चतुर्थीला आजही देशभर सुट्टी असते, शाळेत मराठी शिकता येतं आणि आपलं जाखडी नृत्य तिथे ‘झाकरी’ होऊन नाचलं जातं. काकांची मराठी अर्धी कोकणातली, अर्धी पाठ्यपुस्तकातली. मध्येच एखादा फ्रेंच शब्द. माझ्यापेक्षा शुद्ध, हे कबूल करते.

बंदराजवळ त्यांनी गाडी थांबवली. आप्रवासी घाट. मजुरांना उतरवून नोंद करायची ती जागा, 2006 पासून युनेस्कोच्या यादीत आहे. सोळा दगडी पायऱ्या. बस, एवढंच. आई एकेक पायरी मोजत होती, गुडघ्यांची तक्रार न करता. काका म्हणाले, प्रत्येकाला एक नंबर मिळायचा. पणजोबांचा नंबर त्यांना पाठ होता. कागदावर गावही आहे, पण साहेबानं लिहिलंय ‘देवोरोक’. ते कुठे आलं, घरात कुणालाच ठाऊक नाही.

आईनं तो शब्द दोन-तीनदा तोंडात घोळवला. ‘‘अहो, देवरुख! माझ्या मावशीचं सासर!’’

काका काही बोलले नाहीत. रुमाल काढून गाडीची काच पुसत राहिले. स्वच्छच होती काच. आणि तेवढ्यात मी घड्याळ बघितलं, कारण बोर्डिंगची वेळ संपत आली होती. त्या क्षणी मला माझाच राग आला.

सेशेल्सबद्दल थोडक्यात सांगते, कारण तिथलं सौंदर्य तुम्ही कॅलेंडरवर बघितलेलंच आहे. प्रालेन बेटाला मोठं जहाज लागत नाही, लांब नांगर टाकून छोट्या बोटीनं किनाऱ्यावर सोडतात. (आजी-आजोबांना नेताय? बोटीत चढताना मदत लागते, लाजू नका.) बीचची गर्दी टाळून आम्ही व्हाले द मेच्या जंगलात गेलो. तिथे ‘कोको द मेर’, म्हणजे दर्याई नारळ. जगातलं सगळ्यात मोठं बी, वीस-वीस किलोंचं. त्याचे रिकामे गोटे वाहत मालदीवला लागायचे आणि झाड कुठलं हे 1768 पर्यंत बाहेरच्या जगाला माहीत नव्हतं. आपल्याकडच्या साधूंचे काळे कमंडलू याचेच. आईनं झाडाकडे बघून हात जोडले, गाइड गोंधळला.

मग रियुनियन. मॉरिशसपासून पावणेदोनशे किलोमीटर, म्हणजे मुंबई-नाशिकपेक्षा थोडं जास्त. तोच ज्वालामुखीचा दगड, तोच ऊस, तसेच भारतातून आणलेले मजूर. आणि उतरल्यावर? थेट फ्रान्स! युरो, बगेत पाव, फ्रेंच नंबरप्लेटच्या गाड्या, सहापदरी ट्रॅफिक जॅम. मॉरिशस 1968 साली स्वतंत्र झालं. रियुनियन 1946 पासून फ्रान्सचा जिल्हाच आहे. युरोच्या नोटा आल्या त्या दिवशी, 1 जानेवारी 2002 ला, पहिली खरेदी इथल्या बाजारात झाली. एक किलो लिची!

आई जहाजावरच थांबली. मी चौघांत गाडी करून ‘पितों द ला फुर्नेझ’ या जिवंत ज्वालामुखीकडे गेले. आठातले पाच तास रस्त्यात, पण वर पोचल्यावर सगळं वसूल. पायाखाली काळा, भाजलेला कातळ. हाच कातळ मी राजगडावर, हरिश्चंद्रगडावर बघितलाय. आणि ते नुसतं वाटणं नाही बरं का. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्या तप्त झऱ्यानं दख्खनचं पठार ओतलं, त्याच झऱ्यावर आज हे बेट बसलंय, असं भूशास्त्रज्ञ मानतात. आपण उत्तरेला सरकलो, आग तिथेच राहिली.

ड्रायव्हर तिशीतला, आडनाव अस्सल तमिळ. मी उत्साहानं विचारलं, तमिळ येतं? तो हसला. देवळातले मंत्र येतात, अर्थ येत नाही. घरी क्रिओल, शाळेत फ्रेंच. त्याला त्याचं काही वाटत नव्हतं. उलट पॅरिसला कॉलेज केलेलं, पासपोर्ट युरोपचा, पगार मॉरिशसच्या काकांच्या कितीतरी पट असणार. वाईट मलाच वाटलं, आणि ते वाटायचा मला काय अधिकार, ‘वी आर फ्रॉम पुणे’वाल्या मला? परतताना घाटाखाली गाड्या अडकल्या. जहाजाची शिडी काढायला दहा मिनिटं असताना मी धावत पोचले. आई कठड्याला धरून उभी. ‘‘घड्याळ बघायचीस ना नेहमी?’’ एवढंच म्हणाली.

शेवटच्या सकाळी पोर्ट लुईला काका न्यायला आले होते. बरोबर कागदी पुडीत दोन ‘धोल पुरी’, म्हणजे आपली डाळपुरीच, आणि पणजोबांच्या कागदाची झेरॉक्स. नंबर, वय, उंची आणि तिरप्या इंग्रजी अक्षरांत ते गाव.

आईनं पर्समधून पेन काढलं आणि बॉनेटवर कागद ठेवून त्याच्याखाली देवनागरीत लिहिलं. देवरुख, तालुका संगमेश्वर, जिल्हा रत्नागिरी.

‘‘बसनं जाता येतं?’’ काकांनी मला विचारलं.

‘‘येतं ना,’’ मी म्हटलं, ‘‘रत्नागिरीहून एसटी आहे.’’