दमडी आणि दगडी कमळ

दिवाळीच्या सुटीत संगमनेरचे एक कुटुंब अहिल्यानगर पाहावयास निघाले. २०२४ पर्यंत या शहराचे नाव अहमदनगर होते. घरातील वडीलधारी मंडळी मात्र त्यास नुसते ‘नगर’ म्हणत.

आजोबा जुने शिक्षक. त्यांनी आदल्या रात्रीच सारी सनावळी वहीत उतरवून घेतली होती. बागरोजा येथे, शहराचा संस्थापक अहमद निजामशहा याच्या कबरीपुढे, त्यांनी वही उघडली. शहराची स्थापना, मग वंशावळ, मग लढाया. वंशावळ तिसऱ्या पुरुषापर्यंत आली, तेव्हा नात आभाळाकडे पाहत होती आणि धाकटा नातू मुंगळ्यांच्या वाटेत काडी आडवी घालीत होता. आजोबा रागावले व त्यांनी वही मिटली. चूक मुंगळ्यांची नव्हती आणि नातवाचीही नव्हती.

आजीने बटवा सोडून दोघांच्या हातांवर एकेक रुपया ठेवला. “पूर्वी याच्या पोटात पुष्कळ दमड्या मावत. दमडीदमडीने उभी राहिलेली एक इमारत या गावात आहे म्हणे. शोधा पाहू!”

मुले तत्काळ उठली. चहावाल्यास विचारले, रिक्षावाल्यास विचारले आणि किल्ल्याजवळची दमडी मशीद त्यांनी शोधून काढली. ती १५६७ मधील. किल्ल्याच्या बांधकामावरील मजुरांनी मजुरीतून एकेक दमडी दिली व त्यांतून ती झाली, असे लोक सांगतात. मशीद लहान, परंतु दगडावरील नक्षी मोठी नाजूक. एका फुलाला किती दमड्या लागल्या असतील, याचा हिशेब नातू बोटांवर करू लागला. ही दंतकथा आहे, हे सांगावयास आजोबांची जीभ वळवळली; पण ते त्यांनी जेवणाच्या वेळेपर्यंत राखून ठेवले.

किल्ल्यापाशी येताच नात थबकली. “आजोबा, किल्ला आहे, पण डोंगर कुठे आहे?”

आजोबांनी वही पिशवीतच राहू दिली. “डोंगर नाही, म्हणून तर खंदक! आता तूच सांग, शत्रू आत कसा शिरेल?”

नातीने खंदक डोळ्यांनी मोजला. “भुयार खणून.”

“मोगलांनी तेच केले! १५९५-९६ च्या वेढ्यात त्यांनी तटाखाली सुरुंग पेरले. तटास खिंडार पडले. पण चांदबिबी स्वतः तेथे उभी राहिली आणि रातोरात ते बुजवून घेतले.”

“एका रात्रीत?” नातू तटाकडे पाहतच राहिला.

आत नेत्यांच्या कोठड्या होत्या. ऑगस्ट १९४२ मध्ये इंग्रज सरकारने पंडित नेहरू, सरदार पटेल, मौलाना आझाद आदी नेत्यांना येथे आणून ठेवले. नेहरूंनी १९४४ साली येथेच ‘द डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ हा ग्रंथ लिहिला. मुलांनी ग्रंथाचे नाव ऐकून घेतले, इतकेच. मात्र नेहरू येथे बागेसाठी जमीन खणीत, तेव्हा मातीखाली जुन्या भिंती आणि घुमटांचे माथे लागत व एकदा दगडात कोरलेले सुंदर कमळ सापडले, हे आजोबांनी सांगितले मात्र, दोघेही त्यांना बिलगले.

“ते कमळ अजून इथेच असेल?”

आजोबांनी नकळत पिशवीत हात घातला. वहीत ते नव्हते. “ठाऊक नाही रे,” ते म्हणाले.

नातीने वही मागून घेतली आणि सनावळीच्या पानावर, १५९६ च्या खाली, एक कमळ काढले. नातू दरवाजापर्यंत मान खाली घालून, जमीन न्याहाळीत चालला होता; आणि थोड्या वेळाने आजोबाही.