जामच्या दोन काठांवर

पांढुर्ण्याचं नाव आपल्याकडे निघालंच तर ते गोटमारीमुळे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तिकडे नागपुरात मारबती निघतात तेव्हा, इथे जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात, त्यावर झेंडा लावतात आणि एका काठावरून पांढुर्णा, दुसऱ्या काठावरून सावरगाव एकमेकांवर दगड फेकतात. झेंडा शेवटी चंडीमातेच्या चरणी जातो. सांगतात ती कथा अशी : पांढुर्ण्याच्या मुलाने सावरगावची मुलगी पळवली, नदी ओलांडताना दोघांवर दगड बरसले. आजही माणसं जखमी होतात, कित्येकांचे जीव गेले आहेत. प्रशासनाने रबरी चेंडू देऊन पाहिले. लोकांनी दगडच उचलले.

हे वाचताना गोव्यातल्या माणसाला दिवाडीचं बोंदेराम आठवणारच. तिथेही झेंडे, तिथेही गावागावांतला हद्दीचा तंटा, तिथेही दगडांनी झेंडे पाडल्याची आठवण. फरक एवढाच की जुन्या गोव्यासमोरच्या त्या बेटावर आता बांबूच्या नळीतून फळं उडवतात आणि बँड वाजतो.

मी गेलो तो मात्र डिसेंबरात. नदी अगदी गरीब. पाणी थोडं, धुणी वाळत घातलेली, म्हशी निवांत. हीच ती जागा, यावर विश्वास बसेना. संत्र्यांच्या ढिगामागे बसलेल्या आजोबांना बोंदेरामची गोष्ट सांगितली. तुम्हीही दगडांऐवजी संत्री का फेकत नाही, असं विचारलं. ते खूप हसले. "आमची सून सावरगावचीच हाय जी. वर्षभर येणंजाणं चालू राहते. त्या एका दिवशी मात्र कोणी कोणाचा नाही." भुवईवरची जुनी खूण त्यांनी न विचारता दाखवली. मला ती कौतुकाने दाखवलेली वाटली, आणि तेच खटकलं.

दुसऱ्या दिवशी सौंसरला गेलो, जामसावळीच्या पहुडलेल्या मारुतीचं दर्शन घेतलं. २०२३ साली पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके छिंदवाड्यातून काढून पांढुर्णा जिल्हा केला. बाजारात मराठी ऐकू येते ती अगदी नागपूरचीच. १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात गेला, हा पट्टा मध्य प्रदेशात राहिला. आपल्याला निदान १९६७ च्या जनमत कौलात विचारलं तरी. यांना कुणी विचारलं?

आजोबांच्या नातवाची शाळा हिंदी. घरात मराठी बोलतो, फाडफाड. वहीत त्याने सणांवर निबंध लिहिला होता, तो मला दाखवायला आणला. मथळा होता 'पोला'. मी वाचून दाखवलं तर म्हणाला, "असं नाही, पोळा म्हणतात." मग लिहिलंस का तसं? "हिंदीत ते अक्षर नाही ना," म्हणाला, आणि वही मिटून पळाला.