रविवारची बाटली

मावसबहिणीचे रविवार वाचवायला गेलो होतो, त्याची ही गोष्ट.

ताई पाणी तपासणाऱ्या लॅबमध्ये आहे. नदीचे नमुने तिच्याकडे दर गुरुवारी येतात. बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण खाताना जंतू किती ऑक्सिजन संपवतात ते मोजायचं, तर बाटली २७ अंशांवर ३ दिवस अंधारात ठेवावी लागते. गुरुवार अधिक तीन... बरोबर! आपण पोहे खात असतो तेव्हा ही लॅबमध्ये. (जुनी पद्धत तर २० अंशांना ५ दिवसांची.) याउलट सीओडी. डायक्रोमेट आणि सल्फ्युरिक आम्लात नमुना २ तास उकळायचा.

म्हटलं, एवढंच ना? दोन वर्षांचे आकडे दे. सीओडी आडवा, बीओडी उभा, लीनियर रिग्रेशन. रेषा अशी सुरेख बसली म्हणता! आर-स्क्वेअर ०.९ च्या वर. लगेच मेल टाकली, "आता रविवारी झोप."

तिचं उत्तर एका ओळीचं. "आंघोळीच्या पाण्याची मर्यादा लिटरला ३ मिलिग्रॅम. तिथे तुझी रेषा काय म्हणते?"

बघितलं. सगळी करामत नाल्यांच्या नमुन्यांची होती. ते ठिपके लांब उजवीकडे, रेषा त्यांच्याच तालावर नाचलेली. खाली, जिथे ३ की ६ यावर घाटावर पोरांना डुंबू द्यायचं की नाही ते ठरतं, तिथे रेषा चक्क उणे बीओडी सांगत होती! म्हणजे जंतू ऑक्सिजन सोडतायत... मग लॉग घेतला. उणे गेलं, चूक काही जाईना. एवढ्या कमी घाणीला सीओडीच मुळात डळमळीत.

रात्री ताईचा फोन. "अरे, डेअरीचं सांडपाणी आलं तर सीओडीच्या मानाने बीओडी जास्त. रंगाच्या कारखान्याचं आलं तर सीओडी वाढेल, बीओडी फारसा नाही. जड धातू आले तर बाटलीतले जंतूच मरतात, बीओडी उलट कमी दिसतो. रात्री कुणी काय सोडलं ते तुझ्या रेषेला कोण सांगणार?"

गप्प बसलो. माझी रेषा गेल्या दोन वर्षांची नदी ओळखत होती, कालची नाही.

तरी तिने रेषा फेकली नाही हं. बीओडीसाठी नमुना किती पातळ करायचा हा अंदाज आधी लागतो, त्याला ती वापरते. आणि रेषेपासून फार लांब पडलेला नमुना पुन्हा तपासते.

या रविवारी मीही लॅबवर गेलो, पोह्यांचा डबा घेऊन. आत खायला बंदी आहे म्हणे. पायरीवर बसून खाल्ले.