पोटात काही नसलेले कॉम्प्युटर

पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात पुस्तकवाल्यांसाठी जून म्हणजे सुगी. शाळा उघडल्या की काउंटरवर मान वर करायला फुरसत नसते आणि तेव्हा बिलिंग बंद पडलं तर मालकांचं तोंड बघवत नाही. चौकालगतच्या एका वाड्यात पुस्तकांच्या घाऊक विक्रीचं ऑफिस आहे. तिथे थिन क्लायंट बसवायचं काम मला मिळालं, ते मे महिन्यात.

अडचण धुळीची होती. पुस्तकांची धूळ, वर वाड्याची माती. पीसीचे पंखे जाम व्हायचे, हार्डडिस्क जायच्या. म्हणून आतल्या खोलीत एकच दणकट सर्व्हर ठेवायचा आणि टेबलावर तळहाताएवढा डबा, म्हणजेच थिन क्लायंट, असं ठरलं. काम सगळं सर्व्हरवर चालतं, डब्याकडे फक्त पडद्यावरचं चित्र येतं. त्यात पंखा नाही, हार्डडिस्क नाही, आणि वीज दहा-पंधरा वॅट. जुने पीसीही भंगारात घातले नाहीत. 1999 पासून चालत आलेल्या लिनक्स टर्मिनल सर्व्हर प्रोजेक्टवर ते हार्डडिस्कशिवाय नेटवर्कवरूनच सुरू होतात.

केबल आणायला तापकीर गल्ली चार पावलांवर. तिथे मी खिशात ब्लेड ठेवतो. तार खरवडायची; आत पांढरी निघाली तर तांब्याचा नुसता मुलामा, खाली ॲल्युमिनियम. दुकानदार म्हणाला, ‘‘सगळे हीच नेतात हो!’’ नेत असतील. दीड हात जाडीच्या मातीच्या भिंतीतून ओढलेली केबल पुन्हा कोण उपसणार? अस्सल तांब्याचीच घेतली आणि तुळईच्या कडेने, विजेच्या वायरीपासून लांब नेली.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो डॉट मॅट्रिक्स प्रिंटरने. चलनाच्या कार्बन प्रती हव्यात, म्हणून तो बदलायचा नाही. आणि नव्या डब्यांना त्याच्या केबलचं पोर्टच नाही. शेवटी तसं पोर्ट असलेला एक जुना पीसी त्याच्याच दिमतीला दिला.

हिशेबनीस काका मात्र हवालदिल. ‘‘अहो, माझा कॉम्प्युटर कुठे गेला?’’ पडद्यावर नातवाचा फोटो होता त्यांच्या. मी त्यांना शेजारच्या टेबलावर लॉगिन करायला लावलं. तिथेही नातू हजर. मग काका उठले आणि मालक जेवायला गेलेले बघून थेट त्यांच्या खुर्चीत बसून खात्री करून आले.

विंडोज सर्व्हरवर एवढ्या जणांनी बसायचं तर रिमोट डेस्कटॉपची लायसन्स लागतात. त्यांच्याविना 120 दिवस चालतं, मग अडतं. काही जण त्या सवलतीवर काम उरकून पैसे घेऊन मोकळे होतात. मेमध्ये बसवलेलं नेमकं गणपतीच्या सुमारास बंद पडणार, दगडूशेठच्या गर्दीत गाडी आत येणार नाही, आणि फोन माझा वाजणार! लायसन्सचा खर्च मी कोटेशनमध्ये पहिल्याच ओळीत लिहिला.

‘‘आणि सर्व्हरच बसला तर?’’ मालकांनी विचारलं. प्रश्न रास्त होता. तो बसला की अख्खं ऑफिस बसतं. म्हणून आत दोन डिस्क, दोन्हींवर तोच मजकूर. शिवाय रोजचा बॅकअप मालक घरी नेतात.

आता त्यांना गावाबाहेरचं गोडाऊन याच सर्व्हरला जोडायचंय. सर्व्हरचं दार इंटरनेटवर उघडं टाकायचं नाही, आधी व्हीपीएन लागेल, असं मी सांगितलं.

‘‘द्या कोटेशन,’’ ते म्हणाले, ‘‘पण आकडा जरा विचार करून लिहा.’’